लाल गाडीच्या जुन्या स्प्रिंगा

लखनौच्या महानगर भागात ज्या गल्लीत भावना रामटेकेचं कुटुंब राहायचं, तिथला स्पीडब्रेकर कुणी घातला हे कुणालाच माहीत नव्हतं. पण घालणाऱ्याचा गाड्यांवर जुना राग असावा. ऑक्टोबरमधल्या एका दुपारी भावना जवळच्याच कपूरथला चौकातल्या बाजारातून मेथी-पालक घेऊन परतत होती, तर त्या ब्रेकरवर एक लाल स्पोर्ट्स कार पोटावर टेकून बसलेली. दोन दारांची, दोनच माणसांची, कापडी छताची. पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे, आणि गाडी धड पुढे जाईना की मागे येईना. भोवती चार बघे जमले होते. आत एक मुलगा स्टिअरिंगवर कपाळ टेकवून गाडीशी बोलत होता. तेही मराठीत.

“एवढं निघ गं बाई. पुढच्या महिन्यात तुला रुंद टायर घेतो, शप्पथ. लोकांसमोर इज्जत नको घालवू.”

लखनौच्या भर रस्त्यात मराठी कानावर पडली की भावनाचे पाय आपोआप थांबायचे. ती खिडकीशी वाकली.

“टायर नंतर घ्या. आधी स्वतः उतरा. तुमच्याच वजनानं टेकलीय ती.”

मुलानं दचकून वर पाहिलं आणि त्याचे कान थेट गाडीच्या रंगाचे झाले. तो उतरला, गाडी बोटभर उचलली गेली, बघ्यांनी एक धक्का दिला आणि गाडी पलीकडे उतरली. भावनानं भाजीची पिशवी सरळ त्याच्या हातात दिली, गुडघ्यावर बसून गाडीखाली डोकावली आणि विचारलं, की गाडी खाली बसवण्याच्या स्प्रिंगा घातल्यात ना? त्यानं मान डोलावली. मागच्याच आठवड्यात आलमबागच्या गजेंद्र मेकॅनिककडून बसवून घेतल्या होत्या म्हणे. गाडी जमिनीला चिकटून पळते, वळणावर डुलत नाही...

“आणि ब्रेकरवर बसते,” भावना म्हणाली.

“आपको... म्हणजे तुम्हाला गाड्यांतलं कळतं?”

“बाबा सरकारी वर्कशॉपमध्ये फोरमन आहेत. मला दुसरं काही कळतच नाही.” आणि ती वळली. दहा पावलांवर थांबून परत आली, कारण मेथी-पालक त्याच्याच हातात राहिले होते आणि त्याला ते कळलंही नव्हतं.

त्याचं नाव ऋषभ. वय एकोणीस, भावनापेक्षा चार महिन्यांनी लहान. हे कळल्यावर तिनं ‘तुम्ही’ तिथल्या तिथे सोडून दिलं. वडील श्रीपाद रेल्वेत इंजिनिअर, घर आलमबागच्या बाजूला. बारावीपासून त्यानं शिकवण्या घेऊन पैसे साठवले होते, आणि शहराबाहेर बख्शी का तालाब गावात राहणारे वायुसेनेतले निवृत्त अधिकारी विश्वजित यांच्या अंगणात झाकून ठेवलेल्या या गाडीवर दोन वर्षं डोळा ठेवला होता. शेवटी त्यांनाच त्याची दया आली आणि त्यांनी ती त्याला विकली. गाडी बारा वर्षं जुनी होती, पण ऋषभला विचाराल तर तिचं खरं आयुष्य आत्ता कुठे सुरू होत होतं. त्यासाठी त्यानं एक रजिस्टर केलं होतं. पहिल्या पानावर ‘अपग्रेड’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. खाली बसणाऱ्या स्प्रिंगा, मोठ्या आवाजाचा सायलेंसर, रुंद टायर, हलक्या रिम, इंजिनला जास्त हवा देणारा फिल्टर... पान भरलं होतं आणि त्याचं वर्षाचं वेळापत्रकही ठरलं होतं.

पुढच्या रविवारी तो ऑइल गळतंय असं सांगत रामटेक्यांच्या दारात आला. गळत काहीच नव्हतं. भावनाच्या बाबांनी, शामरावांनी, गाडीखाली फरशीवर कोरा पुठ्ठा सरकवला, अर्धा तास वाट पाहिली, पुठ्ठा कोराच राहिला, आणि त्यांनी मुलाकडे एकदा नीट पाहून घेतलं. तिच्या आईनं, मायाकाकूंनी, पोहे केले. दिवाणखान्यात बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीखाली तो अवघडून बसला आणि निघताना “जय भीम, काका” म्हणाला. चुकलं तर नाही ना, असं त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. शामराव “जय भीम” म्हणाले आणि पुढच्या वेळी कारण न काढता ये, असंही म्हणाले.

मग रविवार ठरूनच गेले. गाडी अंगणात, बॉनेट वर, एका बाजूला भावना आणि दुसऱ्या बाजूला ऋषभ. त्यानं यादीतली एक गोष्ट वाचायची आणि तिनं ती उडवायची. रुंद टायर घेतलेस तर स्टिअरिंग फिरवायला दोघं लागतील. घे ना, तो म्हणायचा, दोघं आहोतच की... आणि मग दोघंही एकदम इंजिनात फार बारकाईनं बघू लागायचे. सायलेंसर मात्र त्यानं बसवलाच. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की आवाज घरात पोचायचा आणि भावना आरशासमोरून पळत बाहेर यायची. मायाकाकू हे बघायच्या आणि आणखी एक वाटी पोहे भिजवायच्या.

आता या सगळ्यात एक गोष्ट भावनानं त्याला सांगितली नव्हती. शामराव एकतीस मार्चला निवृत्त होत होते. नागपूरला घर बांधून तयार होतं, सरकारी क्वार्टर सोडायचं होतं, आणि जूनपासून भावना तिकडच्याच कॉलेजात जाणार होती. बदलीच्या नोकरीतल्या घरांचा एक न लिहिलेला नियम असतो: जायचं बोलायचं नाही. एकदा बोललं की शेजारी हळूहळू लांब होतात, मैत्रिणी वहीच्या मागे पत्ता लिहून मोकळ्या होतात, आणि उरलेले दिवसही हातातून जातात. भावना तीन शहरांत वाढली होती, तिनं हे तिन्हीकडे पाहिलं होतं. या वेळी तिला उरलेल्या दिवसांतला एकही रविवार गमवायचा नव्हता, कारण या वेळी तिला तो मुलगा आवडत होता. साधं, सरळ, झोप उडवणारं आवडणं.

जानेवारीच्या सुरुवातीला थंडीतला बारीक पाऊस आला. ऋषभ तिला कॉलेजातून घरी सोडत होता आणि गोमतीच्या पुलाजवळ गाडीचं कापडी छत बरोबर दोघांच्या मधोमध गळू लागलं. त्यानं गाडी कडेला घेतली. भावनानं दप्तरातली छत्री काढली आणि गाडीतच उघडली. त्या एवढ्याशा जागेत छत्री, ती आणि तो... काचेवर वाफ धरली होती, त्याच्या बाहीला ओल्या लोकरीचा वास येत होता. तिच्या हातातली छत्री एका बाजूला कलली म्हणून त्यानं दांडा धरला, तिच्या बोटांच्या वरच. 

“पुढच्या वर्षी,” तो हळूच म्हणाला, “छत नवीन करू. नंतर इंजिन खोलू, तू आणि मी. तेव्हा पाऊस येऊ दे, किती यायचा तो.”

पुढच्या वर्षी. भावनाच्या ओठांवर आलेलं वाक्य तिनं गिळलं. आत्ता सांगितलं असतं तर त्यानं हात काढून घेतला असता, असं तिला वाटलं. ती फक्त म्हणाली, “छत्री सरळ धर.”

फेब्रुवारी लागला आणि काहीतरी बिनसलं. ऋषभ रजिस्टर आणायचा, पण दाखवायचा नाही. एकदा त्यानं पाणी प्यायला आत जाताना ते सीटवर ठेवलं, तेव्हा तिनं उघडलं. यादीतल्या ओळी एकामागून एक खोडल्या होत्या. टायर खोडले, रिम खोडल्या, फिल्टर खोडला. तिनं विचारलं तर म्हणाला, आता नको वाटतंय यार. नजर मात्र दुसरीकडे.

पुढच्या आठवड्यात ती शामरावांच्या स्कूटरचा पार्ट आणायला आलमबागला गेली, तर गजेंद्रच्या दुकानात लाल गाडी रॅम्पवर चढवलेली. गजेंद्र तिला ओळखत होता. हात पुसत म्हणाला, “भैया तो सब पुराना सामान वापस लगवा रहे हैं. स्प्रिंग, सायलेंसर, सब.”

दुसऱ्या कुठल्या मुलीला यातून काही कळलं नसतं. फोरमनच्या मुलीला फार कळलं. हौसेनं बदललेली गाडी कुणी चढ्या भावात घेत नाही, म्हणून विकण्याआधी प्रत्येक जण जुने पार्ट परत बसवतो. शामरावांच्या वर्कशॉपात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. म्हणजे ऋषभ गाडी विकत होता. गाडीची हौस फिटली, रविवारांचीही फिटली. स्कूटरचा पार्ट तिथेच काउंटरवर विसरून ती बसमध्ये बसली, आणि महानगर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत रडली. बरंच झालं, असंही तिनं स्वतःला सांगून पाहिलं. आपण तरी कुठे राहणार होतो? पण ते काही खरं वाटेना.

रविवारी गाडी आली तेव्हा आवाज आलाच नाही. जुना सायलेंसर, शांत गाडी. भावना बाहेर गेली नाही. शामरावच गेले. सवयीनं गाडीखाली सतरंजी टाकून सरकले, आणि बराच वेळ फक्त त्यांचे पाय दिसत होते. खिडकीतून भावनाला सगळं ऐकू येत होतं.

“स्प्रिंगा जुन्या घातल्या,” शामराव खालून म्हणाले. “रेडिएटर नवा. पाण्याचे सगळे पाइप नवे. हे कायले करून राहिला रे?”

ऋषभनं खिशातलं फडकं काढलं आणि गाडीचा आरसा पुसायला घेतला.

“विकाची गाडी असती तर पाइपावर कोणी खर्च करत नाही.” शामराव बाहेर आले, उठून बसले. “हे लांब जायचं काम आहे. कुठं चालला?”

भावना दारात येऊन उभी राहिली होती. ऋषभनं तिला पाहिलं, मग शामरावांना पाहिलं, आणि प्रेमात पडलेल्या कुठल्याही शहाण्या मुलानं मुलीच्या वडिलांना जे सांगितलं नसतं, ते तो सांगून बसला.

“नागपूरला, काका.”

 ऋषभचं पुढचं बोलणं मग घाईघाईनं, हिंदी-मराठी एकमेकांत अडकत आलं. लखनौच्या मराठी मंडळाच्या तिळगुळाच्या कार्यक्रमात मायाकाकूंनी त्याच्या आईला, सुलभाला, विचारलं होतं की आम्ही कूलर नेणार नाही, तुम्हाला हवाय का. सुलभानं घरी येऊन कूलर कुठे ठेवायचा ते ठरवलं, आणि ऋषभला तेव्हाच कळलं की रामटेके चालले. पाच आठवडे त्याला माहीत होतं. भावना बोलली नाही, म्हणून तोही बोलला नाही. बदलीवाल्यांच्या घरातलाच तोही, नियम त्यालाही पाठ होता.

शामरावांनी हात पुसले. “चहाचं बघतो,” म्हणाले आणि उगाचच मोठ्यानं खाकरत आत गेले.

“मला वाटलं, तू गाडी विकतोयस,” भावना म्हणाली.

“विकू? अरे यार, भावना...” तो गाडीला टेकला. “ती पहिली यादी हजरतगंजच्या बाजारात मिरवायच्या गाडीची होती. खाली बसलेली, आवाज करणारी. तसली गाडी आठशे किलोमीटर जाऊ शकत नाही. पन्नासाव्या किलोमीटरला कंबर मोडते, शंभराव्याला डोकं दुखतं. मला आता पळणारी नकोय. पोचणारी हवीय.”  पुढचं त्याला फार अवघड गेलं, हे तिला दिसत होतं. “मला तू आवडतेस. जाऊ नको असं म्हणता येत नाही मला. पण तू जाशील तिथे मला येता आलं पाहिजे... बस इतना ही.”

भावनाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि या वेळी तिनं ते पुसलंही नाही. कुणीतरी आपण जाणार हे कळल्यावर लांब होण्याऐवजी रस्ता विचारायला लागलं, असं तिच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं.

“मलाही तू आवडतोस,” ती म्हणाली. “पहिल्या दिवसापासून नाही. पहिल्या दिवशी तू वेडा वाटला होतास. दुसऱ्यापासून.”

तो हसला, आणि मग तीही हसली. त्यानं बेत सांगितला. त्याची परीक्षा संपल्यावर, मे महिन्यात. पहिल्या दिवशी झाशी, तिथे बाबांचे रेल्वेतले मित्र समीरकाका राहतात, रात्री त्यांच्याकडे मुक्काम. पहाटे निघून अंधार पडायच्या आत नागपूर. भावनानं ऐकून घेतलं आणि तिच्यातला फोरमन जागा झाला. झाशीच्या पुढे आठ-दहा तास तू एकटा चालवणार? उन्हाळ्यात?

“मी नागपूरहून रात्रीच्या रेल्वेनं झाशीला येते,” ती म्हणाली. “सकाळी पोचते. तिथून पुढे मी चालवणार.”

“मी ही गाडी कुणाला चालवायला देत नाही.”

“मग येऊ नको.”

आतून शामरावांचा आवाज आला की सिवनीच्या पुढं जंगलात गाडी थांबवायची नाही, आणि स्टेपनीत हवा भरून घ्या. चहा झाला होता.

मार्चअखेर ट्रक आला, सामान गेलं, कूलर आलमबागला पोचला. लखनौ स्टेशनवर भावना रडली, ऋषभही रडला आणि सुलभाकाकूंनी दोघांनाही एकच रुमाल दिला. एप्रिल फोनवर गेला. तो फार मोठा महिना होता.

मे महिन्यातल्या एका सकाळी साडेसातला भावना झाशी स्टेशनच्या बाहेर उभी होती. रात्रभर रेल्वेत जागलेली, केस विस्कटलेले, हातात मायाकाकूंनी दिलेला दशम्यांचा डबा. रिक्षावाले तिला कुठे जायचं ते विचारत होते आणि ती नुसती मान हलवत होती. लाल गाडी आली तेव्हा आवाजावरून ओळखू आली नाही. इतर गाड्यांसारखीच आली, धुळीनं लाल रंग विटकरी झालेला. ऋषभनं तिला पाहिलं आणि इतकं मोठं हसला, की तिला वाटलं, आठशे काय, दोन हजार किलोमीटरही हा मुलगा येईल.

तो उतरला. इंजिन चालूच ठेवलं. मग गाडीला वळसा घालून पलीकडे गेला, डाव्या सीटवर बसला आणि सीटबेल्ट लावला. भावनानं डबा त्याच्या मांडीवर ठेवला, आरसा आपल्या उंचीला लावला आणि नागपूरकडे जाणारा सागरचा रस्ता धरला.