मिस्त्रीकाकांची अकरा पावलं

हे कुणाला सांगायचं नाही, असं मामानं आम्हा दोघी बहिणींना बजावलं होतं. तरी लिहितेय. गोष्ट त्याच्या प्रयोगशाळेतल्या एका मॅडमची. अंधार पडल्यावर गच्चीत त्यानं ती सांगितली.

"त्या संध्याकाळी मी यंत्रात ते गार ठेवणारं द्रव हेलियम भरायला गेलो," मामा म्हणाला. "यंत्र तळघरात. आत अतिवाहक धातूचा तुकडा, इतका गार की वीज त्यातून बिनअडथळा धावते. वर सुई. मधलं अंतर केसाच्या लाखाव्या भागाएवढं. सुई रात्रभर फिरून अणूंचा नकाशा काढते. जवळपास कुणी चाललं तरी पडद्यावरची रेघ उडते. म्हणून काम रात्री, खोलीला कुलूप, आणि मॅडम शेजारच्या खोलीत, त्या दाराबाहेरच पडद्यापुढे बसून."

हेलियम शेवटचं होतं. साहेबांनी सांगून टाकलं होतं, "जमीन हादरते इथली. सकाळपर्यंत स्वच्छ नकाशा नाही आला, तर यंत्र बंद."

"मंगळवारची रात्र. दोन वाजून दहा मिनिटं. रेघ उडाली. एकदा उंच, एकदा बुटकी. उंच... बुटकी..."

"म्हणजे?" ताईनं विचारलं.

"कुणीतरी लंगडत चालतंय. दर दोन पावलांनी रेघ आणखी मोठी. जवळ येतंय. ते यंत्र घडवणारे मिस्त्रीकाका लंगडायचे. सुई खाली असताना कुणी शिंकलं तरी खेकसायचे. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं."

ताई मला चिकटली. "मॅडम पळाल्या?"

"छे! बसल्या जागीच कुलूपबंद दाराकडे वाकल्या. हळूच म्हणाल्या, 'मिस्त्रीकाका, सुई खाली आहे. आम्हाला दम द्यायचात ना? मग आता तुम्हीही हलायचं नाही!'"

"मग?"

"अकरावं पाऊल. मग... काही नाही. रेघ सपाट. उजाडेपर्यंत."

त्या अकरा उड्या सोडल्या, तर नकाशा स्वच्छ आला. साहेबांनी कुलूप पाहिलं, रेघ पाहिली. "आत कोण होतं? कुलपाआड कुणी हललं असेल, तर हा नकाशा रद्द करा."

"कुणी का असेना, सर," मॅडम म्हणाल्या, "सांगितल्यावर गप्प उभं राहिलं ना? हेलियम मागवा."

यंत्र अजून चालू आहे. त्या रेघेची प्रत मामानं मला दिली. मी चारदा मोजलं. येणारी पावलं अकरा. जाणारं एकही नाही.

ताई म्हणते, तळघराचं नावसुद्धा काढू नकोस. वर्गात उत्तर येत असूनही माझा हात वर जात नाही, पण मी ठरवलंय. मोठी झाले की त्याच दाराबाहेर बसणार, आणि पहिल्याच रात्री मिस्त्रीकाकांना सांगणार, की... आले गं आई, एवढंच लिहून... की मी तुम्हाला घाबरत नाही, फक्त सुई खाली असताना तुम्ही