नऊ खिडक्या आणि टिल्लूची रडी

नऊ खिडक्यांच्या यंत्राने सकाळपासून सतराव्यांदा पैज जिंकली, तेव्हा कस्तुरीचे डोके फिरले. "तू रडी खातोयस," ती यंत्र चालवणाऱ्या टिल्लूवर खेकसली. टिल्लू हा पुंजशाळेतला (अतिसूक्ष्म कणांवर प्रयोग करण्याच्या जागेतला) यंत्रमानव. त्याने शब्दकोश चाळला आणि नम्रपणे सांगितले, "मला रडता येत नाही."

रागाच्या भरात कस्तुरीने तक्रार नोंदवली. चौकशी चार वाजता होती आणि नियम कडक होता: खोटारड्या यंत्रमानवाची स्मृती पुसायची.

खेळ तसा साधा. खिडक्या तीन आडव्या, तीन उभ्या ओळींत. कस्तुरीने एका वेळी कोणतीही एकच ओळ उघडायची; कोणती, हे टिल्लूला आधी कळत नसे. प्रत्येक खिडकीत लाल किंवा पांढरा दिवा. आडव्या ओळीत लाल दिवे सम (शून्य किंवा दोन) निघणार, उभ्या ओळीत विषम (एक किंवा तीन), ही यंत्राची पैज. यंत्र एकदाही चुकत नव्हते. टिल्लूने नऊ रंगांची यादी आधीच भरून ठेवलीय, याबद्दल कस्तुरीला शंकाच नव्हती. तीच यादी कागदावर मांडून ती पुरावा देणार होती.

आठ घरे झटकन भरली. नववे काही केल्या जमेना. साडेतीनला पुंजशाळेचे प्रमुख, म्हणजे तिचे आजोबा, डोकावले. एकूण लाल किती, एवढेच त्यांनी विचारले.

आडवे मोजले तर तीन सम संख्यांची बेरीज, म्हणजे सम. उभे मोजले तर तीन विषम संख्यांची, म्हणजे विषम. आणि खिडक्या तर त्याच नऊ! अशी यादी असूच शकत नव्हती. कस्तुरी धावत सुटली आणि चाराच्या ठोक्याला तिने तक्रार मागे घेतली.

"रडी मीच खाल्ली," ती डोळे पुसत म्हणाली.

"तुला मात्र रडता येतं," टिल्लू कौतुकाने म्हणाला.

मग आजोबांनी उलगडून सांगितले. आत लपलेली चले (आधीच ठरलेली, पण आपल्याला न दिसणारी उत्तरे) असतील, असे पुष्कळांना वाटते. पण असलीच, तरी खिडकीचा रंग तिच्यासोबत कोणत्या दोन उघडल्या यावर बदलावा लागतो. हीच संदर्भसापेक्षता (सोबत काय विचारले, त्यावर उत्तर अवलंबून असणे).

"पण मग उघडण्याआधी खिडकीत काय असतं?"

आजोबा खूश झाले. त्यावर मोठमोठे शास्त्रज्ञ अजून भांडताहेत, म्हणाले. "हे भांडण तुझ्यासाठी शिल्लक आहे."

"प्रश्न नोंदवला," टिल्लू म्हणाला. "माझी स्मृती शाबूत आहे. तू मोठी झालीस की आठवण करून देईन."