रुजायच्या आधी

काठोकाठ भरलेली कपबशी हातात असावी, तशी सायमी दवाखान्याच्या पायऱ्या उतरत होती. पाच दिवसांचा गर्भ तासाभरापूर्वीच आत सोडला होता. बीज तिचं, पुरुषबीज कुणा अनोळखी दात्याचं. काचेच्या बशीत फळलेलं. नवरा नाही, कुणी नाही. चौतिसाव्या वर्षी तिने एकटीनेच हे ठरवलं होतं. आता तो आत तरंगत असेल, रुजायला जागा शोधत... आणि तेवढ्यात ट्रामसाठी धावणारा एक दांडगा माणूस बर्फावरून घसरला, तो थेट तिच्यावर!

"अहो, डोळे आहेत की नाहीत?"

"डोळे आहेत, पाय ऐकत नाहीत." त्याने घाईघाईने खिशातून ज्येष्ठमधाच्या खारट काळ्या गोळ्या काढल्या. "घ्या, माफी म्हणून."

"नको." ज्येष्ठमध गर्भाला चांगला नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

"नको? अख्ख्या तांपेरे शहरात ह्या गोळीला नाही म्हणणारं माणूस मी आज पहिल्यांदा पाहिलं!"

ट्राम गेली ती गेलीच. पुढच्या ट्राममध्ये दोघं एकाच बाकावर. त्याचं नाव ओत्सो. धंदा? "गावोगाव जाऊन गाई भरवतो. कृत्रिम रेतन. लाजू नका, मीही लाजत नाही."

कितीतरी महिन्यांनी सायमी खळखळून हसली... आणि लगेच पोटावर हात ठेवून गप्प झाली. हसल्याने काही हललं तर?

मग चार दिवसांत तीनदा भेटी झाल्या. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, कळलंही नाही. सांगावं, तर हा पळणार. न सांगावं, तर ती फसवणूक. जीव नुसता टांगणीला!

शनिवारी ओत्सोने तळ्याकाठच्या झोपडीत बोलावलं. सॉना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली, तापवला होता. आणि तापलेल्या सॉनाला नाही म्हणणं म्हणजे इथे माणसालाच नाही म्हणणं. पण ती धग गर्भाला चालणार नव्हती, म्हणून सायमीने सर्दीचं निमित्त पाठ करून ठेवलं होतं. त्याआधी ती न्हाणीघरात गेली, आणि तिथे तिला कपड्यावर दिसला एक गुलाबी डाग.

गेलं. सगळं गेलं...

"सायमी? अगं, रडतेस का?" दाराबाहेरून ओत्सोने विचारलं.

"माझ्या पोटात गर्भ होता," ती एका दमात बोलून गेली. "दात्याचा. सोमवारी ठेवला होता... तू धडकलास ना, त्याच दिवशी. आज डाग दिसला."

ओत्सो तडक सॉनात गेला, त्याने भट्टीतली जळती लाकडं चिमट्याने बाहेर ओढून बर्फात फेकली, आणि परत आला.

"मला गाईंचं कळतं, बायकांचं नाही. दवाखान्यातल्या नर्सला फोन लाव."

नर्स म्हणाली, गर्भ अस्तरात रुजताना असा डाग दिसू शकतो. पाळीची सुरुवातही असू शकते. शुक्रवारी तपासा.

ते सहा दिवस सरता सरेनात. शुक्रवारी सकाळी सायमीने तपासणीची पट्टी न बघताच टेबलावर पालथी घातली. दार वाजलं. ओत्सो थेट गोठ्यातून आला होता.

"थांब, बघू नकोस! आधी मला बोलू दे." त्याला धाप लागली होती. "मला तू हवी आहेस. हे नंतर बोललो, तर तुला वाटेल, दया आली म्हणून बोलला... नाहीतर बाळासाठी बोलला."

"आणि बाळ असलंच तर? ते तुझं नसणार, ओत्सो."

"मला बाबा म्हणायचं की ओत्सो, ते बाळच ठरवेल. मला तू काय म्हणतेस ते सांग."

"हो म्हणते, वेड्या! हो... आता तरी बघू दे."

तिने पट्टी त्याच्याकडेच सरकवली, आणि त्याने ती उलटली. एक रेघ ठळक. शेजारी दुसरी... फिकट, पण होती.

"राहिलंय," सायमी एवढंच म्हणाली, आणि गुरांचा वास येणाऱ्या त्याच्या कोटात तोंड खुपसून मनसोक्त रडली.