बाहेरून लावलेली फिल्म

हसणार असशील तर मी सांगतच नाही. मला भुताखेतांचं वेड कधीच नव्हतं, उलट असल्या गोष्टींचा कंटाळाच. त्या दुपारी वहिनीकडे गेले ती खिडक्यांची जुनी फिल्म काढायला. एवढंच काम.

दादा जाऊन दोन वर्षं झाली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात वहिनी एकटी. जेवण सुटलेलं, अंगावर नुसती हाडं. किती डोकेफोड केल्यावर ती एकदाची माझ्याकडे राहायला यायला तयार झाली. घर भाड्याने जाणार होतं, आणि भाडेकरूला काचा मोकळ्या हव्या होत्या. संध्याकाळी तिला घेऊनच निघायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. आज निघाली नाही तर ती हातची गेली, हे मला दिसत होतं.

ऊन अडवायची ती चंदेरी फिल्म. सगळं जग ती काचेला आतून लावतं. आमचा दादा मात्र दीडशहाणा! “ऊन बाहेरून येतं ना? मग फिल्मही बाहेरूनच.” कुणाच्या बापाचं ऐकेल तर शपथ. सरकत्या काचा उचलून आत घ्याव्यात, तेही नाही. छज्ज्यावर उभा राहून, साबणाचं पाणी मारून, पट्टीने दाबत एकेक खिडकी केली त्याने. बेडरूमची शेवटची अर्धी झाली आणि पाय घसरला. अजून मला त्याचा राग येतो. रडूही येतं.

मी एकेक काच रुळातून उचलून आत घेतली, लादीवर अंथरलेल्या चादरीवर आडवी ठेवली. बाटलीतून साबणाचं कोमट पाणी शिंपडायचं, केसांच्या ड्रायरने गरम करायचं, मग नखाने कोपरा उचलायचा. उन्हाने करपलेली फिल्म कांद्याच्या सालीसारखी तुकड्यातुकड्याने निघत होती. जीव मेटाकुटीला आला. वहिनी पलंगावर मांडीवर बॅग घेऊन बसलेली.

मी शेवटच्या खिडकीपाशी गेले तशी ती म्हणाली, “ती राहू दे.”

“का गं?”

“अजून ओली आहे.”

“काहीतरीच काय!”

“दुपारी आवाज येतो... रोज. घासल्यासारखा. थोडं थोडं करतात ते.”

मी त्या काचेकडे नीट पाहिलं. दादा गेला तेव्हा ती काच फिल्मविना अर्धी उघडी होती, मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. आता खाली जेमतेम बोटभर उघडी काच उरली होती. बाकी सगळी चंदेरी, नवीकोरी, एक सुरकुती नाही.

मला भीती वाटली की राग येतो. “पुरे झाला चावटपणा!” मी ओरडले. कुणावर, कोण जाणे. काच उचलली, आत घेतली आणि चादरीवर आडवी टाकली. साबणाचा वास आला. माझी बाटली तर स्वयंपाकघरात होती.

तेवढ्यात... खर्र.

मी झटकन खिडकीकडे पाहिलं. तिथे नुसतं रिकामं भोक होतं, आणि पलीकडे ऊन.

खर्र...

आवाज खोलीतच होता. चादरीवरच्या काचेवर, फिल्मच्या खाली, पाण्याचा एक फुगा सरकत होता. कुणी पट्टीने दाबत न्यावा तसा, सावकाश, कडेकडे. कडेला पोचून तो फुटला आणि पाणी चादरीवर सांडलं. उरलेली बोटभर काच झाकली गेली होती.

“वहिनी, ऊठ. आत्ताच्या आत्ता!” मी तिची बॅग ओढली. बॅग तिने सोडली, पण उठली नाही. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू आलं होतं. तेच मला बघवेना.

“वेडी आहेस,” ती हळूच म्हणाली. “इतके दिवस बाहेर होते ते. तूच तर घेतलंस आत.”

“चल ना गं... हात जोडते तुझ्यापुढे.”

ती हललीच नाही. बॅग छातीशी धरून मी कशीबशी बाहेरच्या दारापर्यंत आले, अनवाणीच, आणि पायपुसण्यावर उभी राहून तिला पुन्हा हाक मारली.

वहिनी बेडरूमच्या दारात आली. तिची नजर माझ्या खांद्याशेजारी कुठेतरी होती.

“अहो, आधी पाय पुसा बघू,” ती म्हणाली. “लादी आत्ताच पुसलीय.”

माझ्या तळव्यांखालचं कोरडं पायपुसणं हळूहळू भिजत गेलं.