तीन कायद्यांचा दिवस

"थांबा, पाहुणे! नियम सतरा."

विठ्ठल मंदिराच्या पायरीवर टेकायला निघालेला पाय त्यानं तसाच अधांतरी धरला नि मान वळवली. समोर अवंतिका उभी. हातात चपलांचे बिल्ले, कपाळावर बुक्का, ओठांवर दाबून धरलेलं हसू.

"सतरा म्हंजे काय वो?"

"चपला स्टँडवर द्यायच्या, बिल्ला घ्यायचा. दोन रुपये. फुलांची वर्गणी वेगळी, मांडवाची वेगळी, प्रसादाची वेगळी."

त्यानं भिंतीवरचा फलक वाचला. एक्केचाळीस नियम, सहा वर्गण्या. "मी कीर्तन ऐकायला आलोय का परदेशी निघालोय?"

हसू मग दाबलं जाईना.

हा मोहित. गारगोटीकडचा, घरी चार म्हशी नि उसाची शेती. रोज एसटीनं ये-जा करून कोल्हापुरात एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचा. अवंतिका एका कर सल्लागाराच्या ऑफिसात लोकांची रिटर्नं भरायची आणि वर्षातून सात दिवस कीर्तन सप्ताहाची सेवा करायची. फलक तिच्या वडिलांचा, म्हणजे तात्यांचा. तात्या निवृत्त मुख्याध्यापक. दर सप्ताहात एखादं भांडण व्हायचं, तात्या एक नियम वाढवायचे. टाळ मागून घ्यावेत, हिसकावू नयेत, हा नियम तेवीस.

दुसऱ्या दिवशी मोहित तासभर आधीच आला. झेंडू ओवायला बसला… तेही नेमका अवंतिकेच्या शेजारी.

"मी समाज रचायचा म्हटला," सुईत दोरा घालत तो म्हणाला, "तर कायदे तीनच. दुसऱ्याची वस्तू घ्यायची न्हाय. कुणावर हात टाकायचा न्हाय. दिलेला शब्द मोडायचा न्हाय. बाकी ज्याचं त्यानं बघावं."

"आणि कर?"

"एकच. वर्षातनं एकदा, सगळ्यांना एकच दर. फॉर्म न्हाय, सूट न्हाय, तारीख वाढवून मागणं न्हाय."

"अहो, माझं पोट फॉर्मांवर चालतं! तुमच्या राज्यात मी बेकार."

"मग… दुसरं कायतरी करा की."

"काय करू?"

मोहितची सुई बोटात शिरली. कान झेंडूपेक्षा लाल झाले.

अवंतिकेनं विषय सोडला नाही. "आमची बायडाबाई बघा. ऐंशीची, गुडघे गेलेले. नियम नऊप्रमाणे स्वयंसेवक तिला घरून आणतात. तुमच्या तीन कायद्यांत ती घरीच राहिली की!"

"कायद्यानं आणलेलं बरं, का मायेनं?"

"माया विसरली तर?"

त्यानं ओवलेली माळ बाजूला ठेवली. मग हळूच म्हणाला, "ह्याचं उत्तर माझ्याकडं न्हाय बघा. करून बघायला पायजे." हरल्याचं इतक्या सरळपणे कबूल करणारा माणूस तिनं पहिल्यांदा पाहिला, आणि तो तिला… बरा वाटला. जरा जास्तच बरा.

मागं उभ्या तात्यांनी सगळं ऐकलं होतं. "प्राध्यापक, बोलणं सोपं असतंय. चौथा दिवस तुला दिला. फलक झाकतो, बिल्ले बंद, वर्गणी बंद. आरतीच्या ताटात पडेल तेवढ्यात भागवायचं. पण काय बिघडलं, तर परत माझ्या दारात दिसायचं न्हाय!"

तात्यांचा शब्द म्हणजे शब्द. अवंतिकेनं सुई खाली ठेवली. दोन दिवसांत ह्या माणसाचं येणं इतकं सवयीचं कसं झालं, तिचं तिलाच कळेना.

चौथा दिवस उजाडला. संध्याकाळी वाऱ्यावर गुऱ्हाळाचा गोड वास होता. अवंतिका धाकधुकत्या मनानं बायडाबाईच्या दारात गेली, तर तिघंजण तिला उचलायला आधीच हजर! म्हातारी ओरडत होती, "अरं, एकानं धरा की! मी काय पालखी हाय?"

कीर्तनकार शालूबाईंचं कीर्तन तर असं रंगलं, की झांजेच्या ठेक्यावर मांडव डोलू लागला. निरूपण संपून आख्यान सुरू झालं, आणि आठ वर्षांच्या पोरापासून बायडाबाईपर्यंत सगळ्यांचे डोळे भरून आले. आरतीचं ताट फिरलं, भरून परतलं. गर्दीतून अवंतिकेनं मोहितकडं बघितलं. तो आधीपासूनच बघत होता.

आणि मग तात्यांचा आवाज… "माझ्या चपला कुठं हायत?"

सप्ताहासाठी घेतलेला नवा कोल्हापुरी जोड गायब. रिकाम्या स्टँडवर एकच जोड उरलेला, तसाच, पण एक नंबर मोठा.

"पहिलाच कायदा मोडला! कुठं हाय तुझा प्राध्यापक?"

मोहित साडेसातच्या गाडीनं गावी निघून गेला होता.

अवंतिकेनं उरलेला जोड बघितला. अंगठ्याजवळ निळ्या दोऱ्याची शिवण. मोहितचा! तिनं तो उचलून मंदिरात आत ठेवला. तात्या मात्र अनवाणी घरी आले नि न जेवता बसले. तिनं फोन हातात घेतला, नंबर काढला… आणि ठेवून दिला. आपण बोलावलं म्हणून आला, तर त्यात त्याचं काय उरलं? 'विठ्ठला,' ती देवघरापुढं पुटपुटली, 'त्याला आपणहून येऊ दे रे.'

सकाळी सातला कडी वाजली. दारात मोहित, बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला जोड, पाय अनवाणी, धुळीनं भरलेले.

"तात्या, चोर मीच हाय."

"गाडीत ध्यानात आलं?"

"व्हय. अंगठा चावायला लागला तवा."

"मंदिरात गपचूप ठेवल्या असत्यास, तर कुणाला कळलं असतं?"

"कुणाला न्हाय. पर मला कळलं असतं की."

तात्यांनी चष्मा वर केला. "एवढा शिकलेला माणूस, स्वतःची चप्पल ओळखता येईना? लक्ष कुठं होतं?"

मोहित पायाच्या अंगठ्यानं फरशी कोरू लागला. "ते… खरं सांगू?"

"सांग."

"तुमच्या पोरीकडं."

आत बशी फुटल्याचा आवाज आला. तात्यांनी हसू मिशीत लपवायचा प्रयत्न केला, जमला नाही. "अवंतिका! फुटकी बशी राहू दे. ह्याला घेऊन मंदिरात जा, त्याचा जोड दे. आणि तो फलक झाकलेलाच ठेवा. एक्केचाळीस नियम लिहिले मी, पण आपणहून येऊन सांगणारा ह्यो पहिलाच."

दोघं बाहेर पडली. कोवळं ऊन, गल्लीत सडा, कुणाच्या तरी अंगणात दुधाच्या किटल्यांचा खणखणाट. चार पावलांवर अवंतिका थांबली, आपल्या चपला काढून हातात घेतल्या नि त्याच्याबरोबर अनवाणी चालू लागली.

"खडं टोचतील वो."

"टोचू देत."

मंदिराचा कळस दिसू लागला. मग त्यानं घसा खाकरला. "परत जाऊन… तात्यांना विचारू?"

"आधी मला विचारा की!"

"तेच… विचारतोय की."

गावाकडची बोली तिनं कधी बोलली नव्हती. आज मात्र तीच ओठांवर आली.

"मग… व्हय."