मेरूच्या पलीकडचा हात

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. माझ्या सासूबाई साक्षीला आहेत.

गेल्या मंगळवारची गोष्ट. रात्र नव्हती, भर दुपार होती. आमच्या घराची मागची खोली, खिडकीत बाळाचे कपडे वाळत घातलेले.

बाळाला न्यूमोनिया होऊन गेला होता. डॉक्टर म्हणाले, छाती साफ आहे. पण माझी नजर त्या छातीवरून हलेना.

"बघून बघून पुन्हा आजारी पाडशील त्याला," नवरा म्हणायचा.

शेवटी योगाच्या बाईंनी मला जपाची माळ दिली. श्वास सोडताना नाम घ्यायचं, एक मणी ओढायचा. सगळ्यात मोठा मणी म्हणजे मेरू. तो आला की माळ उलटवून मागे फिरायचं, ओलांडायचा नाही. "आणि जपाला श्वास स्वतःचाच घे, दुसऱ्याचा नाही," त्यांनी बजावलं होतं.

त्या दुपारी मी पाळण्याशी जपाला बसले. कधी कोण जाणे, माझं लक्ष माझ्या श्वासावरून उडालं आणि मी बाळाच्या श्वासावर मणी ओढू लागले. त्याची छाती खाली गेली की एक मणी. कित्येक दिवसांनी इतकं शांत वाटत होतं.

नाक खाजलं म्हणून बोटं थांबली...

बाळाची छातीही थांबली.

मणी ओढला. छाती हलली.

पुन्हा थांबून पाहिलं...

"आई, जरा इकडे या."

सासूबाई पिठाच्या हातांनीच आल्या. "आता काय नवीन काढलंस? दे ती माळ. पड जरा वेळ." त्यांनी माळ काढून घेतली.

पाळण्यात काहीच हललं नाही. बाळाचे ओठ जांभळे पडले.

सासूबाईंनीच माळ परत माझ्या बोटांत कोंबली. "ओढ गं. ओढ आधी."

मी ओढत राहिले. त्यांनी डॉक्टरांना फोन लावला, लागेना. मग योगाच्या बाईंना.

"मेरू आला की उलट फिर," बाई म्हणाल्या. "काही झालं तरी ओलांडू नकोस. पलीकडून कोण धरेल, सांगता येत नाही."

मेरू आला.

माळ उलटवायची तर हात थांबवावा लागतो. थांबवला... बाळाचे डोळे अर्धवट उघडले. आत नुसतं पांढरं.

मी मेरू ओलांडला.

पुढचा मणी मी ओढला नाही... तो ओढला गेला. पलीकडून. माळ ताणली गेली, बोटांतून निसटली, पाळण्याखाली गेली.

आम्ही दोघींनी वाकून पाहिलं. फरशी रिकामी.

टक.

बाळाने श्वास सोडला.

तेव्हापासून माळ सापडलेली नाही. मणी मात्र वाजतात. बाळ असेल तिथे, अगदी त्याच्या जवळ. डॉक्टर म्हणतात, सगळं उत्तम आहे. नवऱ्याला काही ऐकू येत नाही. "सासू-सुनेचं कधी नव्हे ते एकमत झालंय, चालू द्या," म्हणून तो हसतो. सासूबाई आता बाळाला उचलून घेत नाहीत.

मधेच आवाज थांबतो... मी हात जोडते, रडते, वाटेल ते कबूल करते. बऱ्याच वेळाने एक मणी वाजतो.

काल एक लक्षात आलं. मी जितकी जास्त विनवते, तितका तो हात जास्त वेळ थांबतो. त्याला ते ऐकायला आवडतंय.

म्हणून आता आवाज थांबला की मी ओढणी तोंडात कोंबते, आणि बाळाचे ओठ रंग बदलताना नुसती बघत बसते.