न खोडलेला नंबर

शिक्षिका आली तेव्हा घड्याळजी भिंग पुसत बसले होते. पूर्वी ते घड्याळं दुरुस्त करत, आता लोकांच्या भानगडी निस्तरत. भिंग मात्र तेच होतं. शेजारी त्यांचे मित्र मास्तर होते. त्यांच्या डोक्यात उजेड पडायला अंमळ वेळ लागे.

तिची हकिगत सरळ होती. चाळीस वर्षांपूर्वी चौकीवर हल्ला झाला आणि ऐन वेळी तिच्या वडिलांची रायफल चाललीच नाही. शेजारचा जवान गेला. शस्त्राची निगा राखली नाही, असा ठपका ठेवून वडिलांना घरी पाठवलं. रायफल त्याच दिवशी मोहोरबंद झाली. गेल्या महिन्यात पलटणीच्या संग्रहालयात समितीसमोर मोहोर फोडली, तर तिच्यात भलत्याच रायफलींचे भाग निघाले.

"बाबांना आता माझं नाव आठवत नाही," ती म्हणाली. "ठपका तेवढा आठवतो. तो पुसल्याशिवाय मला त्यांना जाऊ द्यायचं नाही."

दोघे तिच्या घरी गेले. वडील खुर्चीत होते, समोर काका पत्ते पिसत होते. काका म्हणजे वडिलांच्याच तुकडीतले, समोरच्या घरात राहणारे. लहानपणी तिचं बोट धरून शाळेत नेणारे तेच. घरात पोलादाचा खांब एकच, तो काका, असं ती अभिमानाने म्हणाली.

"पत्ते वाट रे एकोणसाठ," वडील काकांना म्हणाले.

"असे आकडे बडबडतात," ती हसून म्हणाली.

घड्याळजींनी वडिलांना त्यांच्या रायफलीचा नंबर विचारला. "त्र्याहत्तर बारा," उत्तर तयारच होतं. मग काकांना त्यांचा विचारला.

"चाळीस वर्षं झाली साहेब. कोण लक्षात ठेवतं?"

संग्रहालयाच्या रखवालदाराने रायफलीचे भाग टेबलावर मांडले. नळीवर ७३१२. लाकडी दस्ता दुसऱ्या कारखान्याचा, गोळ्या भरायचं मॅगझिन तिसऱ्याच कारखान्याचं. पण दोन्हींवरचा जुना नंबर आडव्या रेघेने खोडून खाली ७३१२ ठोकलेला. गोळी आत सारणारा बोल्ट मात्र नळीच्याच कारखान्याचा होता. त्यावर ७३५९, स्वच्छ, न खोडलेला. गोळीवर आदळणाऱ्या आतल्या पिनेचं टोक तुटलेलं होतं.

जुन्या पलंगालाही चार पलंगांचे पाय असतात, असं मास्तरांचं मत पडलं. रखवालदारानेच काही अदलाबदल केली असेल, हाही संशय त्यांनी दबक्या आवाजात मांडला.

पलटणीच्या रायफली दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीने तर कपाळाला आठ्याच घातल्या. त्याच्या हातून बदललेला एकही भाग जुना नंबर खोडून नवा ठोकल्याशिवाय बाहेर पडला नव्हता, असं त्याने ठणकावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घड्याळजी मास्तरांना घेऊन पुन्हा त्या घरी आले. वडील डुलक्या घेत होते, काका पत्ते घेऊन समोर बसले होते.

"रखवालदार निर्दोष," घड्याळजी म्हणाले. "मोहोर समितीसमोर फुटली. मिस्त्रीही निर्दोष. त्याने बदललेल्या दस्त्यावर, मॅगझिनवर खोडल्याची रेघ आहे. बोल्टवर ती नाही, म्हणजे तो मिस्त्रीच्या टेबलावर गेलाच नाही. शिवाय एकाच कारखान्याचे, जवळजवळचे नंबर एकाच तुकडीत वाटले जातात. बोल्ट बराकीत बदलला."

"चुकून बदलला असेल," मास्तर म्हणाले.

"चुकून असता, तर चौकशीत कुणीतरी बोललं असतं. ज्याला पोरीचं नाव आठवत नाही त्याला नंबर आठवतो. मग काकाच कसे विसरले? विसरले नाहीत. तो सांगितला, तर बोल्टवरच्या नंबराशी जुळेल. बाबा बडबडत नाहीत, बाई. बराकीत एकमेकांना नंबराच्या शेवटच्या आकड्यांनी हाक मारायची सवय असते."

शिक्षिका काकांकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत तिने या माणसाकडे कधी असं पाहिलं नव्हतं.

"माझ्या हातून पिन तुटली होती," काका म्हणाले. "सकाळी तपासणी होती. दोघे शेजारी बसून रायफली साफ करत होतो, तेव्हा गुपचूप बोल्ट बदलले. दोन दिवसांत परत बदलणार होतो. त्याआधीच हल्ला झाला."

"आणि चौकशीत?" तिने विचारलं.

"बोललो नाही. भ्यालो. पुढे आयुष्यभर तुमच्यासाठी..."

"ती माया नव्हती तर," ती म्हणाली. "माझं बोट धरलंत, ते यासाठी?"

काकांनी हात जोडले. "समितीला लिहून देतो. पण त्याला नको सांगूस, पोरी. घटकेत विसरेल. उगाच जिवाला त्रास."

"विसरू देत. उद्या पुन्हा सांगेन. रोज सांगेन. आणि रोज तुम्ही इथे समोर बसाल."

वडिलांना जाग आली. "वाट की रे एकोणसाठ."

काकांचा हात हलला नाही. तिने आपली खुर्ची वडिलांजवळ ओढली.

"बाबा," ती म्हणाली, "त्या दिवशी तुमच्या रायफलीत तुमचा बोल्ट नव्हता."